विश्लेषण : जुन्या ट्रकचा ‘ऑटो गिअर’ अडला, की आधी गिअरबॉक्सच का उतरवला जातो?

क्लच पेडल नसलेले ट्रक आता जुन्या बाजारातून लातूर-नांदेडच्या लहान मालकांकडे येत आहेत. त्यांच्या दुरुस्तीत सर्वांत महाग ठरतो तो सुटा भाग नव्हे, तर चुकलेले निदान. तपासणीचा योग्य क्रम कोणता आणि तो पाळला का जात नाही?

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला, की लातूर, उदगीर आणि नांदेडच्या बाजार समित्यांभोवती ट्रकच्या रांगा लागतात. पाठोपाठ मांजरा आणि गोदावरीच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू होते. या चार-पाच महिन्यांत जो ट्रक चालला, त्याचे वर्ष निघते. जो गॅरेजच्या दारात उभा राहिला, त्याचा मालक फायनान्सवाल्यांचे फोन टाळू लागतो. अशा वेळी डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना, तर पहिले निदान बहुधा एकच असते : गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल.

हे निदान काही वेळा बरोबरही निघते. पण दोष बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये, हवेच्या टाकीत साचलेल्या पाण्यात किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्येही असू शकतो. तो शोधायला तास-दोन तास पुरतात. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवायला दिवस जातात. जुन्या ट्रकच्या दुरुस्तीत तपासणी हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि नेमके त्याचेच पैसे मोजायला कोणी तयार नसते. प्रश्न तंत्रज्ञानाचा आहेच, पण त्याहून अधिक तो गॅरेजच्या व्यवहाराचा आहे.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमके कोणते?

या एका शब्दात दोन वेगवेगळ्या यंत्रणा दडलेल्या आहेत. पहिली खरीखुरी ऑटोमॅटिक. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते आणि तेलाच्या दाबावर आतले क्लच गुंतून गिअर बदलतात. कोळसा खाणींतील मोठे डंपर आणि महानगरांतील काही शहर बस यांत अशी यंत्रणा असते.

दुसरी म्हणजे एएमटी, अर्थात ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. भारतातील मालवाहू ट्रकमध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतांशी हेच. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, नेहमीची क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट असते. फरक इतकाच, की ड्रायव्हरचा पाय आणि हात यांचे काम ॲक्च्युएटर करतो. अवजड ट्रकमध्ये हा ॲक्च्युएटर बहुधा हवेच्या दाबावर चालतो आणि त्याला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक. व्होल्वोने आपली ‘आय-शिफ्ट’ ही अशी यंत्रणा २००१ मध्ये आणली. भारतात सर्वसामान्यांना एएमटी हा शब्द कळला तो २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओ या कारमुळे.

हा फरक निदानाच्या पहिल्याच पायरीवर कामाला येतो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये सर्वांत आधी तेल पाहायचे असते. एएमटीमध्ये वीज, हवा आणि वायर आधी, तेल नंतर. कोणती यंत्रणा आहे हे न विचारताच काम सुरू झाले, तर पुढचा सगळा खर्च अंदाजावर चालतो.

मराठवाड्यात हा प्रश्न आताच का?

नवा ट्रक पहिली काही वर्षे मोठ्या वाहतूक कंपनीकडे राहतो. तोवर वॉरंटी असते, सर्व्हिसचा करार असतो, बिघाड झाला तर कंपनीची माणसे येतात. नंतर तो ट्रक विकला जातो आणि एक किंवा दोन गाड्या असलेल्या मालकाकडे येतो. हा मालक अनेकदा स्वतःच ड्रायव्हर असतो. वॉरंटी संपलेली, सर्व्हिसची कागदपत्रे हरवलेली, आधीच्या मालकाने काय बदलले याचा पत्ता नाही. आठ वर्षांनंतर व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे खर्चाचे एक कारण आणखी वाढते.

नागपूर ते तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा असा जातो. या मार्गावरच्या गॅरेजमधील मिस्त्री मॅन्युअल गिअरबॉक्स नुसत्या आवाजावरून ओळखतो. कोणत्या गिअरवर गुणगुण येते, क्लच दाबल्यावर आवाज थांबतो की नाही, यावरून बेअरिंग कोणते गेले ते सांगतो. हे कौशल्य खरे आहे आणि एएमटीच्या आतल्या दात्यांसाठी आजही लागू आहे. मात्र एएमटीत दात्यांवर एक नवा थर आला आहे : सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि वायरिंग. त्या थराला आवाज नसतो.

‘गिअर पडत नाही’ या तक्रारीमागे काय असू शकते?

एएमटीमध्ये एक गिअर बदलण्यासाठी साखळीतील प्रत्येक कडी शाबूत लागते. बॅटरीतून पुरेसे व्होल्टेज, ईसीयूपर्यंत सेन्सरची माहिती, ईसीयूकडून सोलेनॉइडला हुकूम, टाकीत पुरेसा हवेचा दाब, क्लच पूर्ण सुटणे, गिअर सरकणे आणि तो सरकला याची खूण परत ईसीयूला मिळणे. यातली एकही कडी तुटली तर ड्रायव्हरला दिसते ते एकच : गिअर पडत नाही. गंभीर दोष दिसला तर ईसीयू स्वतःहून गाडीला एका ठराविक गिअरमध्ये अडकवून ठेवतो. यंत्रणेचे नुकसान टाळण्यासाठी केलेली ती सोय आहे. गिअरबॉक्स मेल्याचे ते लक्षण नव्हे.

कधी दोष गिअरबॉक्सचा नसतोच. युरियाच्या यंत्रणेत बिघाड असेल तर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते. इंजिन हवे तेवढे फिरत नाही, म्हणून वरचा गिअर पडत नाही. ड्रायव्हर म्हणतो, गाडी गिअर घेत नाही. मिस्त्री गिअरबॉक्सखाली शिरतो. दोष मात्र युरियाच्या टाकीकडे असतो.

तपासणीचा क्रम कोणता असावा?

पहिली पायरी ड्रायव्हरशी बोलण्याची. गाडी थंड असताना अडते की गरम झाल्यावर? भरलेली असताना की रिकामी? चढावर की सपाट रस्त्यावर? पावसात किंवा धुतल्यानंतर सुरू झाले का? अडण्याआधी काय काम झाले होते : बॅटरी बदलली, डाला वेल्डिंग केला, क्लच बसवला? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत. थंडीत ठीक आणि तापल्यावर अडणारी गाडी एका दिशेला बोट दाखवते, खड्ड्यात हादरा बसला की अडणारी गाडी दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारात संशय आधी सैल कनेक्टरवर घ्यावा.

दुसरी पायरी बॅटरीची. अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतले जातात. उभ्या गाडीत, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटऱ्यांवर मिळून साधारण २५ व्होल्ट दिसायला हवेत आणि इंजिन चालू असताना २७ ते २८च्या आसपास. फक्त बेरीज पाहून भागत नाही, दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्र मोजाव्या लागतात. टेप, पंखा किंवा दिव्यांच्या माळेसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची सवय सगळीकडे आहे. त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली कोसळले, की ईसीयू क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि भलत्याच चुका नोंदवतो. चेसिसला जाणारी अर्थची वायर गंजली असेल तरीही हेच घडते.

तिसरी पायरी हवेची. टाकीचा निचरा कॉक उघडला आणि पाणी किंवा तेल बाहेर आले, तर एअर ड्रायरचे काडतूस किंवा कॉम्प्रेसर तपासायला हवा. हेच पाणी आणि तेल पुढे गिअरच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये जाऊन त्याला चिकटवते. इंजिन बंद करून काही वेळ काट्याकडे पाहावे. दाब भराभर उतरत असेल तर गळती आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. ब्रेक चांगले लागतात म्हणजे हवा ठीक आहे, असे समजणे चूक ठरते. गिअरकडे जाणाऱ्या शाखेत स्वतंत्र गळती किंवा अडथळा असू शकतो.

चौथी पायरी स्कॅनरची आणि पाचवी वायरिंगची. ईसीयू एकमेकांशी बोलतात ते ‘कॅन’ नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीचे कनेक्शन काढून साध्या मल्टिमीटरने या दोन वायरींमध्ये मोजले, तर ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एका बाजूची वायर तुटली आहे किंवा एक रेझिस्टर गायब आहे. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही शे रुपयांच्या मीटरवर होणारी ही तपासणी हजारो रुपयांचा ईसीयू विनाकारण बदलण्यापासून वाचवू शकते.

वायरिंगला मराठवाड्यात तीन शत्रू आहेत. डाळ मिल आणि गोदामांजवळ दिवस-दिवस उभ्या राहणाऱ्या ट्रकमध्ये उंदीर शिरतात आणि वायर कुरतडतात. सर्व्हिसिंगला पाण्याचा जोरदार फवारा थेट कनेक्टरवर मारला जातो. आणि तिसरा वेल्डिंगचा. डाला किंवा चेसिस वेल्डिंग करताना बॅटरी व ईसीयूचे कनेक्शन काढले जात नाहीत, अर्थ भलत्याच ठिकाणी लावला जातो आणि करंट इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढतो. वेल्डिंग आज होते आणि गिअर आठवड्याने अडतो, म्हणून दोघांचा संबंध कोणी जोडत नाही.

सहावी पायरी क्लच आणि त्याच्या ॲक्च्युएटरची, सातवी गिअर ऑइलची. गिअर ऑइलमध्ये धातूची चमक किंवा तुकडे दिसले, तर गिअरबॉक्स खोलण्याला ठोस आधार मिळाला. आधीच्या सहा पायऱ्यांत काही सापडले नाही आणि ऑइलने किंवा आवाजाने आतल्या बिघाडाची साक्ष दिली, मगच पाना हातात घ्यावा.

स्कॅनर लावला की काम झाले?

नाही. स्कॅनर कोड दाखवतो, बिघडलेला भाग दाखवत नाही. ट्रकच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘जे-१९३९’ या जगभर चालणाऱ्या मानकाची भाषा वापरली जाते. तिच्यात कोडचे दोन तुकडे असतात : एक कोणत्या गोष्टीबद्दल बोलतो ते सांगतो, दुसरा तिचे काय झाले ते. उदाहरणार्थ, १९१ हा क्रमांक गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या वेगाचा. त्यापुढे ३ आला तर व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ आला तर कमी, ५ आला तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, ७ आला तर यांत्रिक भाग अपेक्षित प्रतिसाद देत नाही.

म्हणजे १९१ दिसताच स्पीड सेन्सर बदलणे ही घाई झाली. १९१ सोबत ५ असेल तर आधी सेन्सरपर्यंतची वायर पाहावी. ज्या गॅरेजमध्ये कोडचा पहिला तुकडाच वाचला जातो, तिथे नवा सेन्सर बसतो, जुना कोड परत येतो आणि पुढचा संशय गिअरबॉक्सवर जातो.

आणखी एक चूक कोड पुसण्याची. कोड पुसला, दिवा गेला, गाडी दिली. ५० किलोमीटरवर दिवा पुन्हा लागतो आणि दरम्यान पहिल्या बिघाडाची नोंद नाहीशी झालेली असते. कोड पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणे, एवढी साधी शिस्तही पुढच्या मिस्त्रीचे अर्धे काम वाचवते. सगळ्यांत जास्त कोड एकाच वेळी दिसत असतील, तर सगळे भाग एकदम गेलेले नसतात. बहुधा वीज, अर्थ किंवा कॅनची जोडी यांपैकी एखादी सामाईक गोष्ट बिघडलेली असते.

नवा क्लच बसवूनही गाडी झटके का देते?

मॅन्युअल ट्रकमध्ये क्लच बदलला, की दोन दिवसांत ड्रायव्हरच्या पायाला नवा ‘बाइट’ समजतो. एएमटीमध्ये हा पाय ईसीयूचा असतो. त्याला नवा बाइट कुठे आहे हे स्कॅनरद्वारे शिकवावे लागते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते केले नाही तर ईसीयू जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबाने नवी प्लेट जोडत राहतो. परिणामी उठताना झटका, चढावर घसरण, नव्या प्लेटचा जळका वास. मालक समजतो प्लेट बनावट निघाली. मिस्त्री समजतो गिअरबॉक्समध्येच खोट आहे. प्रत्यक्षात काम नव्वद टक्के झाले होते, शेवटची पायरी तेवढी राहिली.

आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी असेल तर?

मग सुरुवात तेलापासून. तेलाची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीनेच मोजावी. साधारणपणे गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन सुरू आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. थंड गाडीत काढलेला गेज फसवतो. तेल काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर आतले क्लच घसरत आहेत. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे आणि संशय ऑइल कूलरवर जातो. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा ४०च्या वर असताना कूलरच्या जाळीत भुसा आणि धूळ अडकली, की तेल तापते. तापलेले तेल पातळ होते, दाब घटतो, क्लच घसरतात, घसरण्याने तेल आणखी तापते.

त्यानंतर दाबाचा गेज लावून तेलाचा दाब मोजायचा असतो आणि गरज पडली तर स्टॉल टेस्ट. ब्रेक पूर्ण दाबून, चाकांना उटी लावून, गाडी गिअरमध्ये टाकून काही सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर थांबते ते पाहायचे. आकडा ठरल्यापेक्षा जास्त आला तर गिअरबॉक्समधील क्लच घसरतात. कमी आला तर इंजिनच दमलेले आहे किंवा कन्व्हर्टरमध्ये दोष आहे. ही चाचणी जाणत्या माणसानेच करावी. समोर माणूस उभा असताना किंवा लागोपाठ अनेकदा केली, तर अपघात किंवा नवे नुकसान ठरलेले.

बंद पडलेली गाडी ओढून नेतानाही एक खबरदारी हवी. इंजिन बंद असले की गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही, पण मागची चाके शाफ्ट फिरवत राहतात. म्हणून प्रोपेलर शाफ्ट सोडूनच गाडी ओढावी. नाहीतर वायरच्या दोषासाठी निघालेली गाडी गॅरेजपर्यंत पोहोचेतो गिअरबॉक्सचा खराखुरा दोष घेऊन येते.

मिस्त्री चुकतो की व्यवहार चुकतो?

हा क्रम अवघड नाही, तरी तो पाळला जात नाही. त्याचा दोष सरसकट मिस्त्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. गॅरेजमधील मजुरी ठरते ती उतरवण्या-चढवण्यावर. गिअरबॉक्स उतरवला, क्लच बसवला, तर बिल होते. दोन तास मीटर घेऊन वायर शोधली आणि एक कनेक्टर साफ केला, तर मालक विचारतो, नुसते बघायचे पैसे कसले? ज्या कामाला मोल नाही ते काम कोणी का करावे? मग मिस्त्री ज्यात मजुरी मिळते त्या कामाकडे वळतो आणि मालकालाही समोर सुटे भाग पडलेले दिसले की पैसे कुठे गेले ते कळते.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. तपासणीचे पैसे घेऊनही निदान चुकले तर काय, ही त्याची भीती खोटी नाही. पण हिशेब मांडून पाहावा. समजा, एका ट्रकचा महिन्याचा हप्ता ४५ हजार रुपये आहे. म्हणजे दिवसाला दीड हजार. गिअरबॉक्स उतरवून सुटे भाग येईपर्यंत गाडी दहा दिवस उभी राहिली, तर १५ हजार नुसत्या हप्त्यात गेले. ड्रायव्हरचा पगार, विमा आणि हंगामातल्या हुकलेल्या खेपा वेगळ्या. यापुढे अर्ध्या दिवसाच्या तपासणीचे पैसे कितीही धरले तरी ते जास्त भरत नाहीत. तपासणीची लेखी नोंद मिळाली तर निदान चुकले की नाही हेही नंतर ताडून पाहता येते. आज अंदाज चुकला तरी त्याची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून तोच अंदाज पुढच्या गाडीवरही चालतो.

माहितीचे कुलूप कोणाकडे?

दुसरा अडथळा गॅरेजच्या हाताबाहेरचा आहे. कॅलिब्रेशनचे सॉफ्टवेअर, वायरिंगचे नकाशे आणि कोडचा पूर्ण अर्थ बहुधा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपपुरता राहतो. हा वाद भारतात नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा त्या प्रकरणाचा गाभा होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण स्वतंत्र गॅरेजलाही माहिती मिळायला हवी हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही समावेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२ मध्येच वाहनांसाठी असा कायदा केला. कंपन्यांचा युक्तिवाद असतो, की अर्धवट ज्ञानाने कोणी सॉफ्टवेअरला हात लावला तर सुरक्षितता धोक्यात येईल. त्यात तथ्य आहे. मात्र ईसीयूचा मूळ प्रोग्रॅम बदलणे आणि क्लचचे कॅलिब्रेशन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कुलूप असावे, दुसरीला नसावे. वॉरंटी संपलेल्या ट्रकच्या मालकाला क्लच शिकवण्यासाठी गाडी दूरच्या अधिकृत वर्कशॉपला ओढत न्यावी लागत असेल, तर ती सुरक्षितता राहत नाही, ती मक्तेदारी होते.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट मालक आणि गॅरेज मिळून उद्याही करू शकतात. तपासणीचे दर वेगळे ठरवावेत, बोर्डावर लावावेत आणि बदल्यात एका पानाची नोंद द्यावी : दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज, हवेचा दाब, सापडलेले कोड, कॅनचा आकडा, ऑइलची अवस्था. दुरुस्ती तिथेच केली तर ही रक्कम बिलातून वजा करता येईल. गिअरबॉक्स खोलायचा असेल तर कारण त्या पानावर लिहिलेले असावे. जुना ट्रक विकत घेणाऱ्यानेही टायर आणि इंजिनाचा आवाज पाहून सौदा न करता असे पान मागावे. क्लच कधी बदलला आणि कॅलिब्रेशन झाले का, हा प्रश्न एएमटी घेताना किमतीच्या आधी विचारायला हवा.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल आणि मेकॅनिक डिझेल हे ट्रेड आहेत. नांदेडला विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारखे १९८१ पासूनचे महाविद्यालय आहे, लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. या संस्थांनी महामार्गावरच्या अनुभवी मिस्त्रींसाठी आठवडाभराचे, मराठीतले, संध्याकाळचे वर्ग घ्यायला मोठ्या निधीची गरज नाही. एक जुने वायरिंग, दोन बॅटऱ्या, काही सोलेनॉइड, मीटर आणि स्कॅनर एवढे सामान पुरेल. परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ राज्याला देणाऱ्या जिल्ह्याला क्रमाने शिकवणे नवे नाही. वर्षानुवर्षे गिअरचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला मीटर वाचायला शिकवणे, हे मीटर वाचणाऱ्या नवख्याला आवाज ओळखायला शिकवण्यापेक्षा केव्हाही लवकर होणारे काम आहे.

तिसरी गोष्ट धोरणाची. दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत मोबाइल आणि फ्रिज पुढे असतात, ट्रक मागे राहतो. वास्तविक मोबाइल बिघडला तर एका माणसाची गैरसोय होते. ट्रक बिघडला तर एका घराची कमाई थांबते आणि त्यावरचा शेतमालही. वॉरंटी संपलेल्या व्यावसायिक वाहनांसाठी वायरिंगचे नकाशे, कोडचे अर्थ आणि कॅलिब्रेशनची सुविधा वाजवी शुल्कात कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला मिळालीच पाहिजे, अशी सक्ती व्हायला हवी. वाहतूकदारांच्या संघटना डिझेल आणि टोलच्या दरासाठी जेवढ्या जोराने बोलतात, तेवढ्याच जोराने ही मागणी करण्याची वेळ आता आली आहे. तोवर लहान मालकाच्या हातात एक उपाय आहे : ‘गिअरबॉक्स उतरवतो’ असे कोणी म्हणाले, की आधी बॅटरी, हवा, कोड आणि वायर यांचे आकडे लिहून मागणे.